खंदकाच्या आतलं जेवण

नागपूरहून कोलकात्याला फिरायला निघालेल्या माणसानं एक गोष्ट आधीच माहीत करून घेतलेली बरी. त्या शहरात आपल्या नावाची एक गल्ली आहे आणि ती कौतुकानं ठेवलेली नाही. बागबाजार भागातली मराठा डिच लेन. डिच म्हणजे खंदक. 1742 साली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरली, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी काढून गावाभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सात मैलांचा. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला, मराठे काही गावात येईनात, मग काम तसंच पडलं. पुढे 1756 मध्ये गावावर खरोखर चालून आला तो सिराजउद्दौला, आणि त्याला या अर्धवट खड्ड्यानं काही अडवलं नाही. 1799 मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढला. त्याच रस्त्याला आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत, म्हणजे आपल्या भीतीवरून तिथे आता दिवसभर बसगाड्या धावतात.

आम्ही दोघी बहिणी नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या. भोसल्यांचं जुनं नागपूर ते हेच. लहानपणी रघुजीराजे म्हणजे थेट बंगालपर्यंत धडक मारणारा पुरुष, एवढंच आम्हाला ठाऊक. 2025 मध्ये त्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून विकत घेऊन परत आणली, तेव्हा आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. त्या धडकेचं दुसऱ्या बाजूनं काय झालं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. बंगालात बाळाला झोपवताना एक अंगाई म्हणतात. बाळ निजलं, आळी शांत झाली, आणि देशात बर्गी आले; बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता सारा भरायचा कुठून? बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारे शिपाई. आपण चौथाई शाळेत चार मार्कांसाठी पाठ केली, त्यांच्याकडे ती पाळण्याशी जाऊन बसली.

हे मला वाचून माहीत होतं, ताईला नव्हतं. तिला ते गीतांजली एक्सप्रेसमध्ये कळलं. संध्याकाळी नागपूरला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. समोरच्या बर्थवर एक बंगाली आजी होत्या, रायपूरला लेकीकडे जायच्या-यायच्या, त्यामुळे हिंदी बरी. आम्ही नागपूरच्या म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "बर्गी लोग! अब तो टिकट लेके आते हो." मग त्यांनी ती अंगाई हलक्या आवाजात म्हणूनही दाखवली. ताईचा चेहरा असा झाला की जणू चौथाई तिनंच वसूल केली होती. आजींनी नंतर आम्हाला डब्यातले नारळाचे लाडू दिले, तेव्हा तह झाला असं धरलं.

पण त्यांचा टोला माझ्या डोक्यात राहिला. कोलकात्यात पुढे जे जे खाल्लं, त्याच्या मागे कोणीतरी बाहेरून आलेला माणूस सापडत गेला. कोणी व्यापाराला, कोणी पोट भरायला, कोणी राज्य गेल्यामुळे. प्रत्येकानं शहराच्या ताटात काहीतरी वाढून ठेवलेलं. आणि आपल्या नावावर एक खड्डा, तोही बुजलेला.

हावड्याला उतरल्यावर माझा विचार मेट्रोचा होता. 2024 पासून ती हुगळी नदीच्या खालून जाते आणि नदीचा भाग पाऊण मिनिटात संपतो. ताई म्हणाली, "पाऊण मिनिटात पाहायला आली का मी?" म्हणून पिवळी टॅक्सी केली आणि पुलावरच्या गर्दीत चांगली अर्धा तास अडकून पडलो. तिचंच बरोबर होतं. हावडा पूल फोटोत पाहून त्याचा अंदाज येत नाही. 1943 मध्ये तो सुरू झाला; साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं, आणि सगळं रिव्हेट मारून जोडलेलं, नट-बोल्ट नाहीत. टॅक्सी तसूतसूनं सरकत होती आणि शेजारच्या पायवाटेनं हमाल डोक्यावर झेंडूचे भारे घेऊन आमच्या पुढे निघून जात होते. पुलाच्या कोलकात्याकडच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे, तिथून हे झेंडू गावभर जातात. उतरून पाहायला जावं तर चिखलाचे पाय आणि धक्के यांची तयारी ठेवावी.

बाकी प्रेक्षणीय स्थळांचं थोडक्यात उरकते. व्हिक्टोरिया मेमोरियल बाहेरून पाहिलं की निम्मं काम होतं. 1921 चं, मकराण्याच्या संगमरवराचं, आणि राणीच्या नावानं एवढा खर्च का केला हा प्रश्न पडण्याइतकं मोठं. आत डॅनियल काका-पुतण्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात फिरून केलेली चित्रं आहेत, ती मात्र उभं राहून पाहावीत. ट्रामबद्दल बोलायला नको. 1873 साली घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम इथे धावली, 1902 पासून विजेची, आणि 2024 मध्ये मैदानातला एक तुकडा वारसा म्हणून ठेवून बाकी बंद करायचं सरकारनं जाहीर केलं. आम्ही बसलो ती इतकी हळू होती की शेजारून चालणारा शेंगदाणेवाला खिडकीतून व्यवहार पुरा करून गेला. मला आवडली.

आता बिर्याणी. पार्क सर्कसजवळच्या एका जुन्या हॉटेलात संगमरवरी टेबलाला टेबल लावून माणसं बसली होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ताट आलं. लांब शिताचा भात, काही शितं केशरी, काही पांढरी, मसाला असा दिसतच नाही. भाताखाली बोकडाचा मोठा तुकडा, एक उकडलेलं अंडं, आणि मुठीएवढा सोनेरी बटाटा.

"बिर्याणीत आलू? बाप्पा!" ताई म्हणाली.

तो बटाटा बोटानं दाबला तर सहज फुटला. आतपर्यंत पिवळा, रस्सा आणि तूप पिऊन फुगलेला, केवड्याचा वास थेट गाभ्यात. मटणापेक्षा तोच जास्त मुरलेला होता. तिखटाचं म्हणाल तर सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हे बाळंतिणीचं जेवण वाटावं. पहिले चार घास आम्ही दोघी मीठ कमी आहे की काय म्हणून एकमेकींकडे पाहत होतो. पाचव्या घासाला ते मनातून गेलं. ताईनं माझ्या ताटातल्या बटाट्याकडे पाहिलं आणि मी ताट जरा अलीकडे ओढलं.

या बटाट्याचा धनी वाजिद अली शाह. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, नवाब लखनौ सोडून कलकत्त्याला आला आणि मटियाबुर्ज भागात त्यानं दुसरं छोटं लखनौ वसवलं. आचारी, गवय्ये, शिंपी, पतंगवाले, सगळे मागोमाग आले. 1887 मध्ये तो तिथेच वारला. सगळीकडे सांगतात की राज्य गेलं, पैसा आटला, मटण परवडेना म्हणून आचाऱ्यांनी बटाटा घातला. मला हे काही पटत नाही. नवाबाला इंग्रज वर्षाला बारा लाख रुपये तनखा देत होते आणि त्यानं मटियाबुर्जात जनावरांचा आणि पाखरांचा मोठा संग्रह पाळला होता. वाघांना मटण घालणारा माणूस स्वतःच्या बिर्याणीत काटकसर करेल? बटाटा तेव्हा नवा होता, साहेबी होता. हौसेनं घातला असेल असं म्हणणारेही आहेत, आणि मी त्यांच्या बाजूची. गंमत म्हणजे 1751 च्या तहात बंगालचा तेव्हाचा नवाब अलीवर्दीखान यानं नागपूरकरांना चौथाई कबूल केली तीही वर्षाला बारा लाखच. दोन्ही आकडे बंगालच्या हिशेबात. एकातून आम्हाला बटाटा मिळाला.

शनिवारी सकाळी बागबाजार. थंडीचे दिवस असल्यानं मटारच्या कचोऱ्या सुरू होत्या, कोडाइशुटीर कोचुरी. दुकान म्हणजे रस्त्यावर आलेली एक कढई आणि मागे काळवंडलेली खोली. कढईपाशी बसलेला माणूस वाटलेल्या मटाराचा हिरवा गोळा पारीत भरायचा, तळहाताच्या कडेनं तोंड बंद करायचा आणि दोन लाटण्यात पुरी तयार. तेलात पडली की झाऱ्यानं तिच्या डोक्यावर हलकेच टिचकी, लगेच फुगायची. तिच्या पातळ पापुद्र्यातून हिरवा रंग दिसत राहतो, बाहेर येत नाही. सोबत सालासकट चिरलेल्या बटाट्याची हिंगाच्या वासाची पातळ भाजी, द्रोणात. भाजी संपली की पोरगा न विचारता पुन्हा ओततो. कचोरीचे पैसे, भाजी दुकानाची. हा हिशेब आपल्याकडच्या पोहेवाल्यांच्या तर्रीसारखाच, त्यामुळे ताई तिथे एकदम घरच्यासारखी वागू लागली. वर मातीच्या भांड्यातला चहा. भांडं इवलंसं, दोन घोटांत रिकामं, आणि तिसरा घोट मातीच्या वासाचा.

तिथून कुमोरटुली जवळ. मातीच्या मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती. सरस्वतीपूजा तोंडावर आलेली, त्यामुळे गल्लीच्या दोन्ही बाजूंना सरस्वतीच सरस्वती. काही नुसत्या गवताच्या पेंढ्यांच्या, काहींवर राखाडी मातीचा पहिला हात, काहींना बोटं लावायची राहिलेली. एका कोपऱ्यात बोटांची वेगळी चळत होती. फळीवर हंस ओळीनं वाळत घातलेले. दुर्गेचं काम पुढे उन्हाळ्यापासून. दुर्गेवरून आठवलं, भास्कररामांनीही 1742 साली काटव्याजवळ थाटात दुर्गापूजा मांडली होती. पूजा चालू असतानाच अलीवर्दीखानानं छावणीवर छापा घातला आणि मराठ्यांना पळ काढावा लागला. दीड-दोन वर्षांनी बोलणीच्या निमित्तानं तंबूत बोलावून भास्कररामांना मारलं. हे मी ताईला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. ती म्हणाली, "पूजा तरी होऊ द्यायची होती." तिच्या मते लढाई आपल्या जागी.

मराठा डिच लेनमध्ये पाहण्यासारखं काही नाही हे सांगून टाकते. गल्ली आहे. घरांना हिरव्या झडपांच्या खिडक्या, वाळत घातलेल्या लुंग्या, एक माणूस पायरीवर पेपर वाचत बसलेला. आम्ही पाटीपाशी फोटो काढत होतो तेव्हा त्यानं पेपरावरून पाहिलं आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी एवढी बेफिकिरी दाखवली असती तर खंदकाचा खर्च वाचला असता.

याच बागबाजारात नवीनचंद्र दासांनी 1868 मध्ये आजचा तो स्पंजासारखा रसगुल्ला केला असं बंगाल मानतो. ओडिशा मानत नाही. भौगोलिक मानांकन 2017 मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला मिळालं आणि 2019 मध्ये ओडिशाच्याही, म्हणजे भांडण तसंच राहिलं. मला त्याहून मजेशीर वाटतं ते छेन्याचं. दूध फाडणं आपल्याकडे जुन्या लोकांना अपशकुनाचं वाटायचं, नासलेलं दूध देवाला कसं दाखवायचं? हुगळीच्या काठी वसलेले पोर्तुगीज मात्र दूध फाडून चीज करत, आणि बंगाली हलवायांनी छेना उचलला तो त्यांच्याकडून असं बरेच अभ्यासक सांगतात. गरम रसगुल्ला पितळी पातेल्यातून थेट मातीच्या वाडग्यात आला. हिवाळ्यात साखरेऐवजी नोलेन गुडाचा, म्हणजे खजुरीच्या रसाच्या नव्या गुळाचा पाक. धुरकट वासाचा गूळ, आणि दाताखाली कुचकुचणारा छेना. डब्यातला रसगुल्ला यानंतर कोणी मला देऊ नये.

दुपारी कॉलेज स्ट्रीट. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या इतक्या की रस्ता शोधावा लागतो. कॉफी हाऊसला गेलो कारण न जाऊन चालत नाही. उंच छत, वर गॅलरी, फेटेवाले वेटर, टागोरांची मोठी तसबीर. कामगारांच्या सहकारी संस्थेनं चालवलेलं. कॉफी मात्र सुमार आहे, खरं ते लिहावं. शेजारच्या टेबलावर पाच जणांत दोन कप घेऊन कसलासा वाद रंगला होता, आम्ही जाईपर्यंत तो संपला नव्हता. खरी चीज तिथून दोन मिनिटांवर, कॉलेज स्क्वेअरच्या कडेला: 1918 चं पॅरामाउंट नावाचं सरबताचं दुकान. तिथलं शहाळ्याचं सरबत, तळाला मलईदार खोबऱ्याचे तुकडे. ही कृती रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी सुचवली असं दुकानात सांगतात. म्हणजे ज्यांच्या नावाचा रस्ता आपल्या खंदकावर झोपलाय, तेच हे. मी दुसरा ग्लास त्यांच्या नावानं घेतला.

रविवारी पहाटे तिरेट्टा बाजार. पोद्दार कोर्टाजवळ साडेसहाच्या सुमाराला चिनी बायाबापे अॅल्युमिनियमची पातेली आणि बांबूच्या करंड्या मांडून बसतात. वाफाळते बाओ, माशाच्या गोळ्यांचं सूप, मोमो. साडेआठला गेलात तर झाडू मारलेला रस्ता पाहायला मिळतो. चिनी माणसं इथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. पहिला आला त्यानं साखरेचा कारखाना काढला होता. 1962 च्या युद्धात त्यांच्यातल्या अनेकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, सुटल्यावर कित्येक देश सोडून गेले. आता विकणारे बरेचसे चिनी नाहीतच. एक म्हातारी मात्र होती, सूप वाढताना ताईशी अस्खलित बंगालीत काहीतरी बोलली. ताईनं अस्खलित नागपुरी हिंदीत उत्तर दिलं. दोघींचं जमलं.

न्यू मार्केटमध्ये बगदादी यहुद्यांची 1902 पासूनची नाहूम बेकरी आहे. शहरात यहुदी आता बोटांवर मोजण्याइतके, सिनेगॉगची देखभाल मुसलमान कुटुंबं करतात, आणि नाताळात फ्रूटकेकसाठी रांग लावणारे बहुतेक हिंदू. याच्यावर मी आणखी काही बोलत नाही, केक चांगला होता.

संध्याकाळी फुचका. ही पाणीपुरी नाही हे आधी मान्य करावं. आत चिंच आणि हिरवी मिरची घालून कुस्करलेला बटाटा, पाणी फक्त आंबट, गोड पाण्याचं नाव काढलं तर फुचकावाला दुखावतो. शेवटी एक फुकटचा मागायचा, त्याला फाउ म्हणतात. ताईनं दोन मागितले आणि मिळवले. बर्गी शेवटी.

सोमवारी गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी बहूबाजारात सोनारांच्या गल्ल्यांतून फिरत होतो. एका जिन्याखालच्या खोलीत भट्टी धगधगत होती आणि आतून मराठी ऐकू आलं. फोनवर कोणीतरी कोणाला ऊस तोडणीवरून झापत होतं. गलाईवाले. विटा-खानापूर-आटपाडीकडची ही माणसं दुष्काळाला कंटाळून देशभर पांगली आणि जिथे सोनार तिथे जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं काम धरून बसली, हे ऐकून होते. पाहिलं पहिल्यांदा.

"कुठलं गाव, ताई?"

"नागपूर."

"लई लांब की ओ. आत या, चा सांगतो."

मुशीतलं सोनं लालबुंद होऊन गोल फिरत होतं. मुलगा, असेल विशीचा, चिमट्यानं मूस उचलून साच्यात ओतत होता आणि बापाला बंगालीत काहीतरी विचारत होता. बाप माणदेशी मराठीत उत्तर देत होता. कारखान्यातली धूळसुद्धा टाकत नाहीत, तीही पोत्यात भरून ठेवतात, तिच्यातून सोनं निघतं. ज्वारीचं पीठ गावाकडून येतं, घरात रोज भाकरी. मी विचारलं, इथल्या लोकांना आपलं काही आवडतं का? तो हसला. शेजारच्या खोलीत बंगाली कारागीर बसतात, बारीक नक्षीचं काम करणारे. दुपारी डबा उघडला की ते खर्डा मागायला येतात. "पाणी गळतंय नाकातनं, पर खात्यात." आता तर त्याची बायको त्यांच्यासाठी वेगळी बरणी देते. मी ताईकडे पाहिलं. ती आधीच बरणी बघत होती.

"रविवारी आला असता तर मटण होतं," तो म्हणाला. आमची गाडी दोन वाजताची.

हावड्याच्या वाटेवर हेदुआजवळच्या जुन्या दुकानातून नोलेन गुडाचे संदेश घेतले. खडगपूर गेलं आणि मी डबा उघडला. सोमवार, म्हणजे ताईचा उपास. तिनं साबुदाण्याचा चिवडा पिशवीतून काढला, संदेशाकडे पाहिलं, चिवडा परत ठेवला.

"छेना म्हणजे शेवटी दूधच ना?"

"फाडलेलं," मी म्हटलं.

"फाडायला शिकवलं कोणी? पोर्तुगीजांनी. मग मोडला तर त्यांचा उपास मोडेल. माझा काहून?" असं म्हणून तिनं दोन उचलले.